मुलींना चक्करच येते

मिरजेत कोणतीही नवी गोष्ट आली की तिच्याबद्दल सगळ्यात ठाम मत त्या माणसाचं असतं, ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. इथला रिक्षावाला स्टेशनापासून दवाखान्यापर्यंत नेता नेता पेशंटचं निदान करतो, आणि उतरवताना कोणता डॉक्टर टाळायचा तेही सांगतो. त्यामुळे आजारांच्या नोंदीची जुनी पद्धत मोडीत काढून देशभर ‘निदानसूत्र’ लागू होणार असं जाहीर झालं, तेव्हा चहाच्या गाड्यांवरसुद्धा तज्ज्ञ उभे राहिले. गाड्यांवरच्या तज्ज्ञांना मी माफ केलं. आमच्या रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर गार हवेत बसलेल्यांना माफ करायचं काही कारण मला दिसलं नाही.

मी हेमलता कुंभोजकर, त्या रुग्णालयाच्या संकेतन विभागाची प्रमुख. डॉक्टर पेशंट तपासून जे काही खरडतात ते वाचायचं आणि त्या आजाराला ठरलेल्या यादीतला संकेत, म्हणजे एक अंक द्यायचा, हे आमचं काम. त्या अंकावर विमा मंजूर होतो. कुठल्या तालुक्यात कसली साथ आहे, तेही सरकारला त्याच अंकांवरून समजतं. लोकांना वाटतं आम्ही टायपिस्ट आहोत. लोकांना काय, बरंच काही वाटतं.

बदलाआधी बैठक झाली. अध्यक्ष बाळगोंडा पाटील यांचा वैद्यकशास्त्राशी संबंध एवढाच, की त्यांच्या वडिलांनी रुग्णालयाला जागा दिली. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की यात घाबरण्यासारखं काही नाही; महापालिकेनं घरांना नवे नंबर दिले तेव्हा घरं काय जागची हलली का, तसंच हे. मुख्य डॉक्टर शिरगुप्पे मान डोलावत होते. त्यांच्या मते हा सगळा कारकुनी मामला, डॉक्टरांनी लिहायची पद्धत बदलायची काही गरज नाही, खाली पोरी आहेत त्या बघतील. त्या पोरींपैकी एक मी. माझी निवृत्ती तोंडावर आली होती.

मी समजावून सांगितलं, कारण मी त्याचा पगार घेते. जुनी पद्धत म्हणजे कप्पे. आजार बघायचा, जवळचा कप्पा शोधायचा, त्यात टाकायचा. नक्की काय ते कळलं नसेल तर ‘पोटदुखी, कारण अज्ञात’ असाही कप्पा होता आणि आमचे डॉक्टर त्यात सुखानं नांदत होते. निदानसूत्रात कप्पे नाहीत. तिथे आजाराचं वर्णन तुकड्यातुकड्यानं बांधायचं. अवयव कोणता, कारण काय, तीव्रता किती, रक्ताच्या नात्यात तो आजार कितपत आहे, आणि सगळ्यात शेवटी खात्रीचा अंक, शून्यापासून नऊपर्यंत. म्हणजे शंकेलाही जागा. शिवाय हे सूत्र जिवंत असतं. रक्ताची तपासणी झाली, मनगटावरच्या पट्ट्यानं झोप मोजली, घरच्या माणसानं काही सांगितलं, की यंत्र नवा पुरावा जुन्याशी ताडून बघतं आणि खात्री वरखाली करतं. आणि गोळ्या देणाऱ्या यांत्रिक कपाटापासून विम्यापर्यंत प्रत्येक यंत्र तेच सूत्र वाचून दार उघडतं किंवा लावतं.

बाळगोंडांच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा मी स्वयंपाकघरात शिरले. समजा, जुन्या डब्यावर ‘डाळ’ एवढंच लिहिलंय. नव्या मांडणीत तूर, मूग, मसूर, हरभरा यांचे डबे वेगळे. आता ती चिठ्ठी कितीही वेळा वाचली तरी आत कोणती डाळ आहे ते कळणार का? झाकण उघडून बघावं लागेल. म्हणजे प्रत्येक जुन्या पेशंटला बोलावून पुन्हा विचारावं लागेल.

पुण्याहून एक रूपांतरक विकणारा तरुण आला होता. तो हसून म्हणाला की मॅडम, त्याची काही गरज नाही. त्याचं यंत्र एका रात्रीत सगळे जुने संकेत नवे करून देणार होतं. जिथे जुना संकेत मोघम असेल तिथे त्या भागातल्या, त्या वयाच्या, त्याच लिंगाच्या बाकीच्या पेशंटांना बहुतांशी काय झालं होतं ते बघायचं आणि तेच याला लावायचं. बहुतेकांचं जे, ते याचं. बाळगोंडांना हे फार आवडलं. ते निवडणुका जिंकत आलेले गृहस्थ आहेत. शिरगुप्प्यांना दुसरीच गोष्ट आवडली. इतकं लांबलचक सूत्र म्हटल्यावर ते जुन्या चार आकड्यांपेक्षा कितीतरी अचूक असणार, असं ते म्हणाले. आकडे वाढले की अक्कल वाढते, असा समज शिकलेल्या माणसांत जास्त असतो.

बदल झाला आणि व्हायचं ते झालं. बाळगोंडांच्या जुन्या नोंदीत ‘धाप लागणे’ असं होतं. आमच्या भागात त्यांच्या वयाच्या पुरुषांना धाप लागते ती बहुतांशी तंबाखूनं. मग रूपांतरकानं त्यांचं फुप्फुस तंबाखूच्या डब्यात टाकलं. बाळगोंडा व्यसनमुक्ती समितीचेही अध्यक्ष. आता ते औषध घ्यायला गेले की कपाट भर गर्दीत गोड आवाजात विचारायचं, ‘आपण तंबाखू सोडलीत का?’ ते माझ्या टेबलाशी येऊन तणतणले. घर हललं वाटतं, असं मी म्हणाले. त्यांना स्वतःचं वाक्य आठवलं नाही. मी त्यांना रीतसर रांगेत पाठवलं आणि घरी जाऊन जेवताना ही गोष्ट रंगवून सांगितली.

आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवायची रीत आहे. त्यामुळे दिवे लागायच्या आत आम्ही तिघं ताटावर असतो: मी, मुलगा अभिनंदन आणि सून सन्मती. जेवताना रुग्णालयातल्या गमती सांगायची माझी जुनी सवय. नाव कुणाचं घ्यायचं नाही, एवढं पथ्य मी पाळते. अभिनंदन त्या दिवशी खाली बघून जेवत होता. सन्मती हसली नाही, पण ती फार हसणाऱ्यातली नाहीच.

ही सून मी निवडली तेव्हा आमच्या नातलगांनी पत्रिका मागितल्या. मी हसले आणि आरोग्याचे संकेत मागितले. ग्रह कुठं बसलेत यापेक्षा यकृत कसं चाललंय हे बघावं, असं मी चारचौघांत बोलून दाखवलं. कुरुंदवाडची मुलगी, गणितात एम. एस्सी., शाळेत शिकवते. संकेत एकच: ‘चक्कर, कारण अज्ञात’. मी म्हटलं, उपास करत असेल, रक्त कमी असेल, शेंगदाण्याचे लाडू घातले की होईल सरळ. लग्न झालं आणि मी लाडू सुरू केले.

तसं मुलीत नाव ठेवायला जागा नव्हती. एक खोड मात्र होती. मध्येच स्वयंपाकघरात यायची आणि मला विचारायची (सासूला आमच्याकडे आत्ती म्हणतात), “आत्ती, दूध करपलं का?” गॅस बंद, दूध फ्रिजमध्ये, आणि हिला वास. मग तिथेच ओट्याशी उभी राहायची. पदराचं टोक चिमटीत धरून कुस्करायची, तोंडानं काहीतरी चघळल्यासारखं करायची आणि मी काही विचारलं तर उत्तर नाही. मग एकदम भानावर आल्यासारखी ओशाळायची आणि निघून जायची. गणितवाल्यांची तंद्री, असं मी म्हणायचे. कधी कधी शेगडीकडे बोट दाखवून सांगायचे, “बघ बाई डोळ्यांनी, बंद आहे.” आता तिला दिवस गेले होते, तेव्हा तर असल्या वासांचं कौतुक करायला मला वेळच नव्हता.

बदल होऊन थोडे दिवस झाले असतील. दुपारी माझ्या खोलीबाहेर तक्रारवाल्यांची रांग होती. नाव पुकारलं आणि सन्मती आत आली. रांगेतून, टोकन घेऊन. घरी माझ्याशी बोलता आलं असतं, पण ती पेशंटच्या खुर्चीवर बसली आणि पर्स मांडीवर घट्ट धरली.

“आत्ती,” ती म्हणाली, “मला चक्कर येत नाही. मला फिट येते.”

मग तिनं सगळं सांगितलं. लहानपणापासून येते. गोळीनं आटोक्यात आहे. ती गोळी तिला आजवर ‘चक्कर’ याच संकेतावर मिळत होती, कारण जुनं कपाट फक्त डॉक्टरची चिठ्ठी बघायचं, आजार आणि औषध यांचा मेळ घालायचं नाही. नवं कपाट सूत्र वाचतं. चक्करवालीला फिटची गोळी कशाला, असं म्हणून परवापासून त्यानं तोंड मिटलं होतं. बाहेरच्या दुकानांतलीही कपाटं तीच. ती गावात फिरून आली होती. घरातला साठा संपला होता.

फिटची गोळी अचानक बंद झाली तर काय होतं, ते मला कुणी सांगायला नको. एकामागून एक झटके येतात आणि थांबत नाहीत. पोटात मूल असेल तर दोघांच्या जिवावर बेततं. मला आधी आला तो राग. मी विचारलं, इतकी वर्षं चक्कर म्हणून कशाला लिहून घेतलं? तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच एखादा बाळबोध प्रश्न विचारला.

“आमच्याकडं मुलींना फिट येत नाही,” ती म्हणाली. “मुलींना चक्करच येते.”

तिच्या आईनं डॉक्टरांच्या पाया पडून तसं लिहून घेतलं होतं. डॉक्टरांना पाया पडून घ्यायची सवय होती. गल्लीतल्या सगळ्याच आया त्यासाठी यायच्या. मुलाला फिट आली तर फिट लिहायचे, मुलीला आली तर चक्कर. गोळी दोघांना एकच.

ती बाहेर बाकावर बसली आणि मी यंत्रावर आमच्या भागाची जुनी आकडेवारी काढली. पंधरा ते तिशीतल्या मुलग्यांमध्ये फिट येणारे जितके असायला हवेत तितके होते. त्याच वयाच्या मुलींमध्ये जवळजवळ कुणी नाही. चकरा मात्र उदंड. पृथ्वीच्या पाठीवर असा भाग दुसरा नसेल, जिथे मेंदूचा आजार नवऱ्या मुलीला बघून वाट बदलतो. आणि रूपांतरक याच आकड्यांवर शिकला होता. बहुतेकींचं जे, ते हिचं. गल्लीतल्या आया आणि पाया पडून घेणारे डॉक्टर यांनी पिढीभर लिहिलेली थाप त्यानं शास्त्र म्हणून वाचली आणि एका रात्रीत सगळ्या मुलींच्या गोळ्या बंद केल्या. ज्या बोलू शकत नव्हत्या, त्या कपाटासमोरून मुकाट परत जात असणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात. इथे आडात विष कालवून पोहऱ्याला दोष द्यायची सोय होती.

मी सन्मतीला घेऊन शिरगुप्प्यांकडे गेले. त्यांनी मेंदूचा आलेख काढला. तो चांगला आला. दोन झटक्यांच्या मधल्या काळात आलेख पुष्कळदा चांगलाच येतो, हे वैद्यकीच्या पोरांनाही माहीत असतं. म्हणूनच फिटचं निदान यंत्रापेक्षा बघणाऱ्याच्या सांगण्यावर ठरतं. शिरगुप्प्यांनी ‘फिट’ असं लिहिलं. यंत्रानं भागाची आकडेवारी बघितली, आलेख बघितला आणि खात्री दिली दोन. गोळीसाठी सहा लागते. डॉक्टरला स्वतःच्या जबाबदारीवर खात्री वाढवता येते. पण शिरगुप्प्यांनी आयुष्यात स्वतःच्या जबाबदारीवर फक्त चहा मागवलाय.

“एवढं लांब सूत्र चुकेल कसं?” ते म्हणाले. “तुम्ही यांना ॲडमिट करा. आमच्यासमोर फिट येऊ द्या. मग खात्री आपोआप नऊ होईल.”

सन्मतीनं पोटावर हात ठेवला. शिरगुप्प्यांना काय म्हणावं ते माझ्या जिभेवर आलं होतं. बोलले असते तर निवृत्तीच्या आधी नोकरी गेली असती. नियमात एक वाट होती. झटका डोळ्यांनी बघितलेल्या घरच्या माणसाची साक्ष. रुग्णालयात त्यासाठी वेगळी खोली आहे. यंत्रासमोर बसून बोलायचं, शेजारी पेशंट बसलेला हवा. यंत्र वर्णन तपासतं आणि खात्री ठरवतं.

मी तिच्या आईला फोन लावला. पुष्पावतीबाईंनी आधी ओळखच दाखवली नाही, मग रडल्या, मग चिडल्या. सन्मतीच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची हुपरीला बोलणी चालली होती. सख्ख्या आईनं साक्ष दिली की सूत्रातला रक्ताचा अंक हलतो आणि त्याची सावली धाकटीवर पडते, हे त्यांना बरोबर कळलं होतं. नव्या पद्धतीतला हा एकच बारकावा समाजानं पहिल्या दिवसापासून अचूक ओळखला.

“झाकली मूठ हाय ती, विहीणबाई, तुमच्या पाया पडतो,” त्या म्हणाल्या. “तुम्ही एवढ्या मोठ्या अधिकारी, आतल्या आत करा की कायतरी.”

आतल्या आत करूनच तर हा दिवस आला होता. मी फोन ठेवला.

घरी येईपर्यंत मी ठरवलं की अभिनंदनला मीच सांगायचं. बिचारा फसवला गेला होता. मुलगा कुपवाडच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल बघतो, स्वभावानं साधा, कुणीही बनवावं असा. ताटं वाढून झाल्यावर मी त्याला हळूहळू, धक्का बसू नये अशा बेतानं सांगितलं. त्यानं घास खाली ठेवला नाही. त्याला माहीत होतं. सन्मतीनं पहिल्याच भेटीत, जयसिंगपूरला एका उसाच्या रसाच्या दुकानात सांगितलं होतं आणि नको असेल तर आत्ताच नाही म्हणा, असंही म्हणाली होती. तो नाही म्हणाला नव्हता. लग्नानंतर त्यानं ते बघितलंही होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून.

मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. माझा आवाज चढला असावा.

“कसं सांगायचं, आई?” तो म्हणाला. “तू रोज ताटावर बसून लोकांच्या आजारांना हसतेस.”

सन्मती भात कालवत होती. दिवस मावळायच्या आत ताटं उचलली गेली.

सकाळी अभिनंदननं साक्ष दिली. साधा माणूस, साधंच बोलला. बोलता बोलता ती मध्येच गप्प होते, मला ओळखत नाही, हाक मारली तर बघते पण बघत नाही, मग थोड्या वेळानं थकून झोपते. जेवढं पाहिलं तेवढंच सांगितलं. यंत्रानं ते ऐकून घेतलं आणि विचारलं की ती ओरडली का, पडली का, हातपाय झटकले का. तो म्हणाला, नाही. हे गरोदरपणातल्या थकव्याशी जुळतं, असं यंत्र म्हणालं आणि खात्री झाली पाच.

पाचावर गोळी मिळत नाही. अभिनंदन बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. सन्मती पर्सची चेन सारखी उघडत-लावत होती; ते भीतीनं की आणखी कशानं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी आजवर एकही खोटा संकेत लिहिलेला नाही. विमावाल्यांनी लाडीगोडी लावली, बाळगोंडांनी पाहुण्यांसाठी शब्द टाकला, मंत्र्यांच्या मेहुण्याचा फोन आला. मी कुणाला भीक घातली नाही. खोटं लिहिणाऱ्यांबद्दल माझ्या मनात जो तिटकारा आहे, त्यावर मी इतकी वर्षं जगले. कुरुंदवाडच्या त्या डॉक्टरला समोर उभं करून दोन शब्द सुनवावेत, असं मला कालपर्यंत वाटत होतं. आता मी उठले, सन्मतीचा दंड धरला आणि तिला घेऊन पुन्हा त्या खोलीत गेले.

यंत्रानं नातं विचारलं. सासू, मी म्हणाले. मग मी सांगायला लागले. ती किंचाळली. ताठ होऊन जमिनीवर पडली. डोळे वर गेले, ओठ निळे झाले, हातपाय झटकायला लागली, तोंडातून फेस आला, जीभ चावली गेली. त्यानंतर गाढ झोपली आणि उठल्यावर तिला काही आठवेना. मी अशी वर्णनं आयुष्यभर वाचली आहेत. कोणता शब्द कुठं ठेवला की कोणता संकेत पडतो, हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? यंत्रानं उलटतपासणी घेतली. मी एकाही प्रश्नाला अडखळले नाही. आपण बघितलेलं माणूस सांगताना अडखळतं. मी पाठ केलेलं सांगत होते.

खात्री झाली आठ. साक्षीदार अत्यंत विश्वासार्ह, असा शेराही यंत्रानं मारला. नवऱ्यानं खरं सांगितलं त्याला पाच, आणि मी धडधडीत खोटं बोलले त्याला आठ. हे ते नवं, जिवंत, शंकेला जागा देणारं शास्त्र. आमच्या भागातल्या मुलींनाही फिट येऊ शकते, ही शक्यता यंत्रानं त्या सकाळी माझ्या थापेवर केसभर वाढवली. जन्माला यायच्या आधीच माझ्या नातवंडाच्या रक्ताच्या रकान्यात एक अंक पडला, आणि त्यावर उद्या एखादी माझ्यासारखी बाई चारचौघांत बोट ठेवील. ठेवू दे. तेव्हा मी जिवंत असले तर तिच्याशी बोलेन.

औषधाच्या कपाटासमोर रांग होती. सूत्र वाचून दार सरकलं आणि गोळ्यांची पट्टी खाली आली. सन्मतीनं तिथेच उभ्या उभ्या बाटलीतल्या पाण्याबरोबर गोळी घेतली. अभिनंदन रिक्षा बघायला गेला. आम्ही दोघी दाराजवळच्या बाकावर बसलो. तिच्या गालावर रंग नव्हता, पण हाताचा चाळा थांबला होता.

“आत्ती,” ती म्हणाली, “तुम्ही सांगितली तसली मला लहानपणी यायची. लग्नानंतर एकदाबी नाही आली. गोळीमुळं मोठी येत नाही. आता येते ती वेगळीच असते.”

माहीत आहे, मी म्हणाले. मला कुठं माहीत होतं? मला फक्त तिचं सूत्र माहीत होतं, आणि तेही मीच रचलेलं. हजारो आजारांना मी अंक दिले. ज्याला तो आजार आहे त्याला काय होतं, हे विचारायचं काम माझं नव्हतं. ते डॉक्टरांचं काम, आणि डॉक्टरांच्या मते ते यंत्राचं.

“मग कशी येते?” मी विचारलं.

तिनं आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मी हसणार आहे का, ते ती बघत होती.

“पहिल्यांदा दूध करपल्याचा वास येतो,” ती म्हणाली. “खूप जोरात. मग हाताला काहीतरी धरावंसं वाटतं, पदर, टॉवेल, काहीबी. तोंड आपोआप हलतं. समोरचं माणूस दिसतं, पण काय बोलतंय ते कळत नाही. मग संपतं.”

रिक्षा दाराशी येऊन थांबली. अभिनंदन हाक मारत होता आणि मला आमचं स्वयंपाकघर दिसत होतं. लग्न झाल्यापासून तिचे कितीतरी झटके मी माझ्याच ओट्याशी, हाताच्या अंतरावरून बघितले होते. आमच्या घरात माझ्याइतका पक्का साक्षीदार दुसरा कुणी नव्हता. वास, पदराचा चाळा, हलणारं तोंड, एवढं खरं सांगितलं असतं तरी खात्री सहावर गेली असती; खोटं बोलायची मला गरजच नव्हती. ती माझ्यासमोर उभी असायची, आणि मी तिला बंद शेगडी दाखवत होते.